किनाऱ्यामागची जागा

चेन्नईची मरिना आज आपण पाहतो त्या रूपात दीडशे वर्षांपूर्वी नव्हती. १८४२ साली अमेरिकेतून जहाजानं येणारा बर्फ साठवण्यासाठी मद्रासच्या किनाऱ्यावर एक इमारत उभी राहिली. बर्फ उतरवायला सोपं जावं म्हणून ती समुद्राला लागून बांधली होती. आज तिथे विवेकानंदांचं स्मारक आहे. तिच्या दारातून निघून पाण्याला पाय लावायचे तर आधी रुंद रस्ता, मग फरसबंद पदपथ आणि मग दुपारी तळपाय भाजणारी लांबच लांब वाळू ओलांडावी लागते. इमारत आहे तिथेच आहे, समुद्र लांब गेला.

तो लांब गेला त्याचं कारण बंदर. मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हतं. जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माणसं नि माल काथ्यानं शिवलेल्या मसुला होड्यांतून, फुटत्या लाटांमधून काठावर येत. १८७५ मध्ये बंदराचं काम सुरू झालं. समुद्रात दगडी बाहू घातले गेले, १८८१ च्या चक्रीवादळानं त्यांची मोडतोड केली, ते पुन्हा बांधले गेले. पुढच्या काही वर्षांत बंदराच्या दक्षिणेला वाळू साचू लागली. गव्हर्नर ग्रँट डफ यांनी तिच्या कडेनं फिरायचा रस्ता आखला आणि मरिना हे नाव दिलं. बंदराच्या उत्तरेला नेमकं उलट घडलं. रायपुरमपासून तिरुवोट्टियूर आणि एन्नोरपर्यंत समुद्र जमीन खात गेला. कोळ्यांच्या वस्त्यांच्या घरांच्या रांगा एकामागून एक पाण्यात गेल्या. एका बाजूला शहराला त्याचं सगळ्यात लाडकं ठिकाण मिळालं, त्याची किंमत दुसऱ्या बाजूच्या लोकांनी मोजली. या पुस्तकात पुढे जे काही येणार आहे त्याची सुरुवात मला इथूनच करावीशी वाटते.

मराठी वाचकाला हे थोडं समजावून सांगायला हवं, कारण आपल्या डोळ्यांसमोरचा किनारा वेगळा आहे. कोकणात डोंगरांच्या सोंडा समुद्रात उतरतात. दोन सोंडांमध्ये एक गाव, एक पुळण, एखादी खाडी. तिथली वाळू बऱ्याच अंशी त्या दोन खडकाळ टोकांच्या आतच खेळते. कोरोमंडल किनारा मात्र सरळ आणि सपाट आहे, मैलोगणती अखंड वाळूचा. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि प्रत्येक लाट मूठभर वाळू थोडी पुढे नेऊन टाकते. नैऋत्य वाऱ्यांच्या लांबलचक काळात ही वाळू उत्तरेकडे चालते, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या थोड्या महिन्यांत दक्षिणेकडे. वर्षाची गोळाबेरीज उत्तरेच्या बाजूनं झुकते. असे लाखो घनमीटर वाळूचे प्रवाह दरवर्षी चेन्नईसमोरून जात असतात. त्यांच्या वाटेत आडवी भिंत घातली की दक्षिणेला ढीग साचतो आणि उत्तरेचा किनारा उपाशी राहतो. लाट तिथे येतेच, परत जाताना वाळूही नेते, पण मागून भर घालणारी वाळू पोचत नाही.

पुदुच्चेरीत १९८० च्या दशकात नेमकं हेच पुन्हा झालं. नवं बंदर झालं आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. तिथे २०१८ च्या सुमारास राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं पाण्याखाली कृत्रिम अडथळा बसवला आणि वाळूचा काही भाग परत आला. मद्रासच्या उत्तरेला तसं काही झालं नाही. तिथे दगड टाकले गेले. आज एन्नोरच्या रस्त्यानं जाताना समुद्र दिसतो तो काळ्या दगडांच्या राशीपलीकडे, आणि त्या राशींतून काटकोनात पाण्यात घुसलेले धक्के. दगड जिथे टाकले तिथे धूप थांबते आणि पुढच्या गावाला सुरू होते, मग पुढच्या गावालाही दगड लागतात.

हवामानबदलावरच्या पुस्तकाच्या आरंभी एका जुन्या बंदराची गोष्ट कशाला, असं कुणी विचारेल. कारण आकडे हेच सांगतात. बंगळुरूच्या सीस्टेप या संशोधन संस्थेनं २०२४ मध्ये भारतातल्या किनारी शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९८७ ते २०२१ या काळात मुंबईला समुद्रपातळी ४.४४ सेंटिमीटर वाढल्याचं दिसतं आणि चेन्नईला जेमतेम ०.६८ सेंटिमीटर. म्हणजे पातळी वाढण्याच्या बाबतीत चेन्नई आतापर्यंत तुलनेनं सुटली आहे. आणि तरीही तिचा उत्तर किनारा उद्ध्वस्त झालेला आहे. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रह चित्रांवरून देशाच्या मुख्य भूमीचा किनारा तपासला तेव्हा जवळपास एक तृतीयांश किनाऱ्याची धूप होत असल्याचं आढळलं. तमिळनाडूत हा वाटा सुमारे ४३ टक्के आहे. समुद्र खरोखर चढू लागण्याआधीच आपण किनाऱ्याचे हातपाय बांधून ठेवले. आता तो चढतो आहे. जगभराची सरासरी पाहिली तर १९०१ ते २०१८ मध्ये समुद्र सुमारे २० सेंटिमीटर वर आला, आणि २००६ नंतरच्या काळात त्याचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. उद्या सगळा धूर थांबला तरी तापलेला समुद्र फुगत राहणार आणि हिमनद्या वितळत राहणार. चेन्नईचा वाटा आज कमी असला तरी तो कायम कमी राहील असं मानायला कुठलाच आधार नाही.

समुद्र चढणं ही गोष्ट किनाऱ्याला नवी नाही. गेल्या वीस हजार वर्षांत, शेवटच्या हिमयुगानंतर, समुद्र सुमारे १२० मीटर वर आला. पुळणी, खाजणं, खारफुटी, नदीमुखं हे सगळं त्या काळात नाहीसं झालं नाही. ते पाण्याबरोबर जमिनीकडे सरकत आलं. वाळूची टेकडी वादळात फुटते, तिची वाळू मागे पसरते आणि तिथे नवी टेकडी तयार होते. तिवराची बी भरतीबरोबर जरा आत जाते आणि तिथे रुजते. नदीचं मुख दोनशे पावलं इकडे होतं ते तिकडे होतं. निरोगी किनारा असा जगतो. आज फरक एवढाच आहे, आणि तो प्रचंड आहे, की किनारा मागे सरायला निघाला की मागे त्याला रस्ता लागतो, कुंपण लागतं, कोळशाचा साठा लागतो, बहुमजली इमारत लागते. पुढून समुद्र आणि मागून काँक्रीट, अशा कात्रीत सापडलेली पुळण अरुंद होत होत संपते. त्यामुळे माझ्या मते किनाऱ्याचं संरक्षण म्हणजे यापुढे मुख्यतः किनाऱ्यामागची जागा राखणं. समुद्राच्या कडेला काय वाचवायचं याचा विचार आपण पुष्कळ केला. ते उद्या कुठे जाईल याचा केलेला नाही.

आपली संरक्षणाची सगळी व्यवस्था नकाशावरच्या रेघांवर उभी आहे. राखीव वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, भरतीरेषेपासून इतके मीटर. जंगलाच्या बाबतीत ही पद्धत निदान काही काळ चालते, कारण डोंगर हलत नाही. किनाऱ्यावर ती रेघ ओढल्या दिवसापासून जुनी होऊ लागते. तमिळनाडूतच याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे. मन्नारच्या आखातात १९८६ मध्ये २१ बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. त्यातली दोन बेटं पाण्याखाली गेली आहेत. तुतिकोरीनजवळचं वान बेट १९७० च्या दशकात १६ हेक्टर होतं आणि २०१५ पर्यंत दोन हेक्टरांच्या आत आलं. चुनखडीसाठी भोवतालची प्रवाळं पिढ्यानपिढ्या खणून काढल्यानं त्याचं कवच गेलं होतं. मग त्याच्याभोवती पाण्यात काँक्रीटचे कृत्रिम अडथळे बसवले गेले आणि वाळू पुन्हा थोडी धरू लागली. उद्यानाची हद्द मात्र कागदावर आहे तशीच राहिली.

चेन्नईत ज्या प्राण्यामुळे सामान्य माणसं किनाऱ्याच्या संरक्षणात ओढली गेली तो प्राणी म्हणजे ऑलिव्ह रिडले कासव. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रोम्युलस व्हिटेकर आणि मद्रास स्नेक पार्कच्या तरुणांनी रात्री पुळणीवरून चालत कासवांची घरटी शोधायला सुरुवात केली. १९८८ पासून विद्यार्थ्यांच्या सागरी कासव संवर्धन जाळ्यानं, म्हणजे एसएसटीसीएन या गटानं, हे काम आजतागायत चालवलं आहे. जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास नीलांकरै ते बेसंट नगर हा पट्टा रोज रात्री पायी पालथा घातला जातो. मादी शंभराच्या आसपास अंडी घालून, वाळू सारखी करून निघून जाते. कुत्री, माणसं आणि लाटा यांच्यापासून वाचवायला ती अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत पुरली जातात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं पाण्यात सोडली जातात. आपल्याकडे वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं हेच केलं. पुढे तिथला कासव महोत्सव महाराष्ट्रभर माहीत झाला.

ही दोन कामं एकमेकांपासून दूर, दोन समुद्रांवर चालतात असं वाटतं. पण २०२१ मध्ये ओडिशात पायाला खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आली. बंगालच्या उपसागरातलं कासव कोकणात अंडी घालतं याचा हा ठोस पुरावा होता. एका किनाऱ्यावर घरटं वाचवायचं आणि दुसऱ्यावर पुळण गमवायची, हा हिशेब कासवाच्या दृष्टीनं एकच आहे. त्याच महिन्यात चेन्नई आणि आसपासच्या किनाऱ्यावर शेकडो मेलेली कासवं लाटांबरोबर येऊन पडली. ती ट्रॉलरच्या जाळ्यांत अडकून गुदमरली होती. यांत्रिक बोटींनी पाच सागरी मैलांच्या आत मासेमारी करायची नाही असा तमिळनाडूचा नियम आहे. तो पाळला गेला असता तर त्यातली बरीचशी वाचली असती. हवामानबदलावर बोलताना हे विसरू नये. आज माणसाच्या हातात असलेलं जे आहे ते आधी करायचं. ते न करता समुद्राच्या पातळीवर भाषणं देणं मला अप्रामाणिक वाटतं.

तरी उष्णतेचा प्रश्न वेगळा आहे आणि तो नियमानं सुटणारा नाही. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याभोवतीच्या वाळूचं तापमान ठरवतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास नर-मादी सारख्या प्रमाणात होतात, त्यावर वाळू तापली की माद्या वाढतात आणि आणखी तापली की अंडी आतच मरतात. मानवानं राखलेल्या जागेत वर जाळी धरून सावली करता येते. पण पुळणच अरुंद झाली तर अंडी पुरायला भरतीच्या वरची, ओल नसलेली वाळू कुठून आणायची? मादी येते, वर चढते, दगडाला धडकते आणि अंडी न घालता परत फिरते. चेन्नईच्या उत्तरेला समुद्राकडे तोंड करून रचलेल्या दगडांनी हे कधीच करून ठेवलं आहे.

याच संदर्भात सुरूच्या झाडांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण कोकणातल्या माणसाला सुरूचं बन म्हणजे किनाऱ्याची शोभा वाटते. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हिरवी ढाल म्हणून सुरूची मोठी लागवड झाली. लाट अडवायला झाडं लावायची, ही कल्पना कुणालाही पटेल अशीच होती. पण पुष्कळ ठिकाणी ही झाडं थेट वाळूच्या टेकड्यांवर लावली गेली. टेकड्या सपाट झाल्या. मर्यादवेल आणि तिथलं बुटकं गवत सावलीत मेलं. ज्या वाळूत कासव घरटं करत होतं तिथे मुळांची जाळी पसरली. मोकळी, वेलींनी धरलेली, फुटून पुन्हा बांधली जाणारी वाळूची टेकडी हीच वादळाला तोंड द्यायची किनाऱ्याची स्वतःची तयारी होती. तिच्या पोटात पावसाचं गोडं पाणीही साठतं. ती संरक्षणाच्या नावाखाली गेली. किनाऱ्यावर हिरवं दिसतं ते सगळं चांगलं असतं असं नाही, आणि ओसाड वाळू ही वाया गेलेली जमीन नसते.

आता एन्नोर. या पुस्तकाचा बराच मोठा भाग तिथे घडतो, आणि माझ्या मते चेन्नईचं भवितव्यही बरंचसं तिथेच ठरणार आहे. शहराच्या उत्तरेला कोसस्थलैयार नदी एन्नोरच्या खाडीतून समुद्राला मिळते. खाडीच्या मागे मिठागरं, भरतीच्या पाण्यानं भरणारी खाजणं, थोडीफार खारफुटी. उत्तरेला काट्टुपळ्ळीची वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्या पलीकडे पुलिकत सरोवर, चिलिकानंतरचं भारतातलं सगळ्यात मोठं खाऱ्या-गोड्या पाण्याचं सरोवर. १६१३ मध्ये डचांनी तिथे किल्ला बांधला. तिथल्या उथळ पाण्यात रोहित येतात. आपल्याकडे ठाण्याच्या खाडीत जे पाहायला मुंबईकर गर्दी करतात तेच हे पक्षी. मासेमारीच्या जागा कुटुंबांमध्ये पाळीनं वाटून घ्यायची पाडू नावाची पद्धत तिथल्या कोळ्यांत जुन्या काळापासून आहे. कुणी कुठल्या दिवशी कुठे जाळं लावायचं हे ठरलेलं असतं, त्यामुळे एकाच जागेवर सगळे तुटून पडत नाहीत. सरोवर इतकी वर्षं टिकलं त्यात या पाळीचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

याच परिसरात औष्णिक वीज केंद्रं आली, २००१ मध्ये एन्नोर बंदर सुरू झालं, मग काट्टुपळ्ळी बंदर. मिठागरांवर भराव पडून कोळशाचे साठे उभे राहिले. वीज केंद्राच्या राखेच्या नळांना गळती लागून वर्षानुवर्षं राख खाडीत जात राहिली. खाडीचा तळ उथळ झाला आणि ज्या चिखलात कोळिणी हातानं कोलंबी पकडत तो राखेनं घट्ट झाला. जानेवारी २०१७ मध्ये बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल पसरलं. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात मणलीच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या बाजूनं तेल वाहून खाडीत आलं. होड्या, जाळी, झोळीवाल्या पाणकोळ्यांचे पंख सगळं काळं झालं. पहिल्या दिवसांत कोळ्यांनी हाती येईल त्या भांड्यानं ते तेल उपसलं.

ही फक्त प्रदूषणाची कहाणी असती तर या पुस्तकात तिला इतकी जागा दिली नसती. मुद्दा पाण्याच्या वाटेचा आहे. पूंडी जलाशयातून सोडलेलं जादा पाणी कोसस्थलैयारमधून याच खाडीत येतं. खाजणं मोकळी होती तेव्हा ते पाणी पसरायचं आणि ओहोटीची वाट पाहायचं. भराव झाल्यावर ते अरुंद वाटेनं समुद्राकडे धडपडतं. वादळात समुद्र फुगलेला असतो, भरती चढलेली असते, त्यामुळे मुखाशी पाणी अडतं आणि मागे वस्त्यांमध्ये चढतं. समुद्राची पातळी बोटभर वाढली तरी प्रत्येक पुरात हे अडणं जास्त वेळ चालतं. पातळी वाढण्याचा फटका किनाऱ्यावर बसण्याआधी असा मैलभर आत, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसतो. त्यातच काट्टुपळ्ळी बंदर सहा हजार एकरांहून अधिक क्षेत्रावर वाढवण्याचा प्रस्ताव पुढे आला. पुलिकत आणि समुद्र यांच्यामध्ये उभी असलेली वाळूची पट्टी आधीच झिजते आहे. बंदरामुळे ती तुटली तर सरोवर समुद्रात मिसळून जाईल, अशी भीती तिथले कोळी आणि अभ्यासक दोघेही बोलून दाखवत आले आहेत. मला ती भीती रास्त वाटते. १८७५ नंतर रायपुरमला काय झालं हे ज्यांनी पाहिलं त्यांच्याच नातवंडा-पतवंडांची ही गावं आहेत.

दक्षिणेकडे पळ्ळिकरणैचं पाणथळ आहे. १९६० च्या दशकात ते पाच हजार हेक्टरांहून जास्त पसरलेलं होतं. त्यावर कचऱ्याचं पेरुंगुडीचं मैदान आलं, रस्ते आले, माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या आल्या. समुद्राचा अभ्यास करणारी राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थाही तिथेच आहे. २००७ मध्ये उरलेल्यापैकी ३१७ हेक्टर राखीव वन झालं आणि २०२२ मध्ये सुमारे १,२४८ हेक्टरांना रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. ते झालं त्याचं श्रेय तिथल्या नागरिकांच्या चिकाटीला आहे. पण दक्षिण चेन्नईच्या तळ्यांचं पाणी याच पाणथळात येतं, ओक्कियम मडुवु या ओढ्यातून बकिंगहॅम कालव्यात जातं आणि कोवळमच्या खाडीतून समुद्रात. ही सगळी वाट भरती-ओहोटीच्या मेहेरबानीवर चालते. डिसेंबर २०१५ च्या पुरात तांबरमला एका दिवसात ४९० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. मिचाँगच्या वेळी पुन्हा वेळच्चेरी आणि आसपासचे भाग दिवसेंदिवस पाण्यात राहिले. ज्या पाणथळाला रामसरचा दर्जा आहे त्याचं पाणी समुद्रापर्यंत पोचवणारी वाट त्या दर्जात येत नाही.

किनाऱ्यामागे जागा ठेवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो माणसांचा. इथे मी अडखळते, आणि वाचकानंही अडखळावं. कारण मागे सरा, असं सांगितलं जातं ते नेहमी गरिबाला. सुनामीनंतर चेन्नईच्या कुप्पमांमधली, म्हणजे कोळीवाड्यांतली, कित्येक कुटुंबं दक्षिणेला सेम्मंचेरी आणि कण्णगी नगरसारख्या पुनर्वसन वसाहतींत हलवली गेली. समुद्रापासून दूर, म्हणून सुरक्षित. पण त्या वसाहती पळ्ळिकरणैच्या सखल पट्ट्याला लागून होत्या आणि पुरात बुडू लागल्या. ज्यानं पहाटे तीनला पाण्यात उतरायचं त्याला वीस-पंचवीस किलोमीटरवरून बसनं समुद्राकडे यावं लागलं. आणि त्यांनी रिकाम्या केलेल्या किनाऱ्याकडे बंगले, हॉटेलं आणि रस्ते पाहत राहिले. अशा माघारीला माझा विरोध आहे. कोळ्यांचं घर किनाऱ्यावर असतं कारण त्यांचं काम किनाऱ्यावर आहे. होडी ओढायला, जाळी वाळवायला, मासळी सुकवायला मोकळी वाळू लागते. आपल्याकडच्या रापणीसारखी ओढजाळी तिथेही आहे आणि ती ओढायला तर पुळणच हवी. उत्तर चेन्नईत दगडांची भिंत घराला वाचवते पण होडी उतरवायची जागा नाहीशी करते, मग घर राहतं आणि धंदा जातो. मोकळ्या वाळूचं रक्षण व्हावं असं कासवप्रेमींना जितकं वाटतं तितकंच कोळ्यांनाही वाटतं. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करणाऱ्या योजना मुळातच चुकीच्या पायावर आखलेल्या असतात.

हे पुस्तक मराठीत का, असा प्रश्न मला लिहिताना पडला नाही, पण वाचणाऱ्याला पडू शकतो. कोकणात दर पावसाळ्यात उधाणाचं पाणी कुठल्या ना कुठल्या गावात शिरतं आणि दरवेळी मागणी होते ती धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची. लोकप्रतिनिधी तो मंजूर करून आणतात, दगड येतात, फोटो निघतात. एका गावाचा बंधारा शेजारच्या पुळणीला काय करतो हे आपण अजून नीट पाहिलेलं नाही. मुंबईत २००५ मध्ये उच्च न्यायालयानं खारफुटी तोडायला मनाई केली, २०१२ मध्ये राज्यानं खारफुटीसाठी स्वतंत्र कक्ष काढला. ते मोठं काम आहे. पण ती खारफुटी उद्या चढणाऱ्या पाण्याबरोबर आत जायची तर तिच्या मागे मिठागरं मोकळी असायला हवीत, आणि मुंबईची मिठागरं आज घरबांधणीच्या यादीत आहेत. आणि सीस्टेपच्या त्याच अभ्यासात मुंबईची पातळी चेन्नईच्या कितीतरी पट वाढलेली दिसते. चेन्नई दीडशे वर्षांपासून जे भोगते आहे ते आपण तिच्याकडून शिकून टाळू शकतो, अजून थोडा वेळ आहे.

कायद्याबद्दल एकच गोष्ट इथे नोंदवते, बाकीच्या तपशिलात आत आल्या आहेत. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. त्याच अधिसूचनेत धोकारेषा नावाची आणखी एक रेषा आहे. पूर, किनाऱ्याची हालचाल आणि समुद्रपातळीतली वाढ हे सगळं धरून भारतीय सर्वेक्षण विभागानं ती आखायची. पुढच्या शंभर वर्षांत किनारा कुठवर येऊ शकतो हे सांगणारी ही एकमेव रेषा. पण तिचा उपयोग आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनापुरता ठेवलेला आहे, त्या रेषेच्या आत काय बांधू नये हे ती ठरवत नाही. बांधकामाला परवानगी द्यायची ती भरतीरेषा पाहून, आणि वादळ येणार हे कळल्यावर माणसं हलवायची ती धोकारेषा पाहून. या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जे जे आज बांधलं जाईल ते ते उद्या किनाऱ्याला मागे सरू देणार नाही. धोकारेषेला कायद्याचं बळ द्यावं, आणि तिच्या आत कोळ्यांच्या वस्त्या आणि त्यांची मोकळी वाळू यांना आधी स्थान द्यावं, अशी माझी साधी मागणी आहे.

एन्नोरच्या मिठागरांपासून पुलिकतच्या मुखापर्यंत अजून बरीच जमीन अशी आहे जिथे पाणी आत येऊ शकतं, खारफुटी सरकू शकते, वाळू फिरू शकते. चेन्नईच्या जवळ एवढा मोठा मोकळा पट्टा दुसरा उरलेला नाही. पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं, कोसस्थलैयारच्या मुखावरच्या एका कोळीगावात, जिथे माणसं दर भरतीला खाडीचं पाणी कुठवर आलं हे दाराच्या उंबऱ्यावर खूण करून ठेवतात.